नाव सांगा, बाई

तुम्ही कोपरच्या वरच्या फलाटावर वसईच्या गाडीची वाट पाहत उभे आहात. खालून कल्याणची लोकल धडधडत जाते, खाडीकडून खारा वारा येतो आणि बघता बघता पायांखालचा फलाटच नाहीसा होतो.

तुम्ही भातखाचराच्या बांधावर आहात. साल 1921. मुंबईच्या कायदे मंडळानं नुकताच ठराव केलाय की केवळ स्त्री आहे म्हणून यापुढे कुणाचं मत नाकारलं जाणार नाही. त्यामागे रमाबाई रानड्यांसारख्या बायकांनी घेतलेले कष्ट आहेत. दोन वर्षांपूर्वी हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन साक्ष द्यायला थेट लंडनला जाऊन आल्या. बातमी मोठी आहे, पण या बांधावर लावणी करणाऱ्या बाईला तिचा काही उपयोग नाही. मत मालमत्तेवर आहे आणि जमीन, असलीच तर, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर.

पुढे 1935 चा कायदा येतो. नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर बायकोला मत, किंवा लिहिता-वाचता येत असेल तर. कोपरला थांबण्यासारखं त्यात फारसं काही नाही. त्यापेक्षा जानेवारी 1945 मध्ये कल्याणच्या पलीकडे टिटवाळ्याला जा. तिथे किसान सभेची परिषद भरली आहे आणि तिच्या उभारणीत गोदावरी परुळेकर आहेत. त्या वकिलीच्या पदवीधर, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या. याच वर्षी त्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहणार आहेत. मतपेटीची वाट न पाहता सार्वजनिक आयुष्यात शिरलेली ही बाई तुमच्याच जिल्ह्यात काम करत होती, हे शाळेत कुणी नीट सांगितलं नाही याची मला आजही चीड येते.

आता परत कोपरला. स्वतंत्र देशाची पहिली मतदारयादी बनते आहे. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. जमीन नको, शिक्षण नको. घराच्या ओट्यावर सरकारी माणूस वही उघडून बसलाय. तुम्ही त्याच्या शेजारी टेकता. काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई दाराच्या चौकटीला धरून उभी आहे.

"बाई, तुमचं नाव?"

ती मुलाचं नाव घेते आणि म्हणते, त्याची आई.

"असं चालत नाही. तुमचं स्वतःचं नाव सांगा."

ती गप्प. माहेरी एक नाव होतं, लग्नात दुसरं ठेवलं. माहेरचं नाव इथे कुणाला ठाऊक नाही, सासरचं तिला स्वतःहून उच्चारायची कधी वेळच आली नाही. "सांग गो," शेजारीण ओरडते. अखेर ती सासरचं नाव पुटपुटते. "आणि मालकांचं?" आता तर पदर तोंडावरच जातो. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, सरकारी वहीत नाही. शेवटी पोरगंच अंगणातून बापाचं नाव ठणकावून सांगतं.

वहीत ओळ उमटते. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. ही साधी ओळ किती जणींना मिळाली नाही ते पाहा. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी "अमक्याची बायको", "तमक्याची मुलगी" अशा नोंदी स्वीकारायच्या नाहीत असं ठरवलं. देशातल्या सुमारे 8 कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख जणींनी आपलं नाव सांगितलं नाही आणि त्या यादीतून गळल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानकडच्या. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण माझ्या मते योग्य होता. पुढच्या निवडणुकीला घराघरांत बायकांना नाव विचारणं भाग पडलं, ते त्यामुळेच.

जानेवारी 1952. तुम्ही बायकांच्या रांगेत उभे आहात. डाव्या तर्जनीवर शाई लागते. हातात एक रुपयाच्या नोटेएवढी गुलाबी मतपत्रिका, नाशिकच्या छापखान्यातून आलेली. तिच्यावर कुणाचंच नाव नाही. पडद्यामागे उमेदवारागणिक वेगळी लोखंडी पेटी आणि पेटीवर चिन्ह. अशा लाखो पेट्या गोदरेजच्या कारखान्यात बनल्या, याच रेल्वेमार्गावरच्या विक्रोळीला. ओट्यावरची ती बाई तुमच्या पुढे आहे. ती आत जाते. बाहेर नवरा, सासरा, गावचे पुढारी, सगळे उभे. आत ती एकटी. ती वेळ घेते. मागची बाई कुरकुरते, पण ती घाई करत नाही. कोणत्या पेटीत कागद टाकला ते तुम्हाला कळत नाही, आणि बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं तरी ती सांगत नाही.

पुढची चाळीस वर्षं पटकन सरतात. मत देणाऱ्या बायका वाढतात, निवडून येणाऱ्या मोजक्याच राहतात. मग राज्यात 1990 मध्ये स्थानिक संस्थांत 30 टक्के राखीव जागा येतात, पुढे घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश, 2011 मध्ये निम्म्या. 2015 च्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत 122 जागा आहेत आणि त्यातल्या निम्म्या बायकांसाठी.

शेवटचा मुक्काम एका नगरसेविकेच्या कार्यालयात. आठवडाभर नळाला पाणी नाही म्हणून सोसायटीतल्या बायका हंडे घेऊन आल्यात. टेबलामागे बाईंचे यजमान, समोर मोबाइल, मागे दोघांच्या फोटोचा फलक. "बोला ताई, मी बघतो," ते म्हणतात.

"तुम्ही नाही," पुढची बाई हंडा खाली ठेवत म्हणते. "मत बाईंना दिलंय. त्यांना बोलवा, आम्ही थांबतो."