रक्तदानाच्या फॉर्ममागची एक ओळ

गणेशोत्सवातलं किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मंडपात प्लॅस्टिकचं टेबल, त्यावर फॉर्मांचा गठ्ठा, पलीकडे खाटा, रक्त दिल्यावर कॉफी आणि बिस्किटं. फॉर्मवर प्रश्नांची लांबलचक यादी असते. कावीळ झाली होती का, अलीकडे गोंदवून घेतलंय का, कुत्रा चावला होता का, कसली औषधं चालू आहेत का. मंडळाचा एखादा कार्यकर्ता शेजारी उभा राहून ‘सगळीकडे नाही लिहा’ म्हणतो आणि पेन वरून खाली सरकत जातं. मागे रांग उभी असते. मन मोकळं करायला ही जागाच नव्हे.

या फॉर्ममागे केंद्र सरकारची नियमावली आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (‘नॅको’) यांनी ती ऑक्टोबर २०१७ मध्ये काढली. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा धोका असलेले गट म्हणून तिच्यात तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांची नावं येतात, आणि त्यांना रक्तदानातून कायमचं वगळलेलं आहे. कावीळ होऊन गेलेल्याला काही काळ थांबावं लागतं, मलेरिया झालेल्यालाही तसंच. इथे मात्र मुदतच नाही. वीस वर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहणारा, नियमित तपासणी करून घेणारा समलिंगी पुरुषही या ओळीने बाद होतो. ही ओळ आपल्याकडे तयार झाली नाही. ती आली कुठून आणि वाटेत तिच्यात काय काय बदललं, हे पाहिल्याशिवाय ती न्याय्य आहे की नाही हे ठरवता येणार नाही.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. पाचही जण समलिंगी होते. वर्षभराने, जुलै १९८२ मध्ये, तीन हिमोफिलियाच्या रुग्णांना तोच आजार झाल्याचं कळलं. हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही, आणि त्यावरचं औषध तेव्हा हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनत असे. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका तान्ह्या बाळाची हकिगत प्रसिद्ध झाली. जन्मापासून त्याला वारंवार रक्त द्यावं लागलं होतं, आणि त्याच्या दात्यांपैकी एकाला पुढे एड्स झाला होता. आजार रक्तातून जातो, याबद्दल आता फारसा संशय उरला नाही. विषाणू मात्र अजून कोणालाच सापडला नव्हता.

४ जानेवारी १९८३ रोजी अटलांटामध्ये बैठक झाली. या ओळीचा जन्म समजून घ्यायचा तर या बैठकीपाशी थांबावंच लागतं. नियंत्रण केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एक तोडगा मांडला. एड्सच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस-बी होऊन गेल्याच्या खुणा दिसतात. ती चाचणी हाताशी आहे, तर प्रत्येक पिशवीवर ती करा. रक्तपेढ्यांना खर्च परवडणारा नव्हता, शिवाय चांगले दातेही गळतील अशी त्यांना धास्ती होती. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या प्रतिनिधींना धोक्याच्या गटातले दाते ताबडतोब थांबवायला हवे होते. समलिंगी संघटनांचं म्हणणं होतं, रक्त तपासा, माणसाला त्याच्या खासगी आयुष्याबद्दल विचारू नका. कोणीच हटलं नाही. बैठक निर्णयाविना उठली. नऊच दिवसांनी मोठ्या रक्तपेढी संघटनांनी एकत्र निवेदन काढलं: दात्याला त्याच्या लैंगिक कलाबद्दल थेट विचारणं योग्य नाही.

मार्चमध्ये सरकारने आवाहन केलं. अनेक जोडीदार असलेले समलिंगी आणि उभयलिंगी पुरुष, शिरेतून नशा करणारे, हैतीहून आलेले लोक आणि त्यांचे जोडीदार यांनी आपण होऊन रक्तदान टाळावं. मला हे आवाहन त्या क्षणी योग्य वाटतं, आणि ते हातचं न राखता सांगायला हवं. चाचणी नाही, विषाणू माहीत नाही, पिशवीमागे मरण उभं आहे, अशा वेळी थांबायला सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच होतं. किंबहुना ते उशिरा झालं. अमेरिकेत हिमोफिलियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना त्या वर्षांत एचआयव्हीची लागण झाली. १९९५ मध्ये वैद्यकीय तज्ज्ञांच्या एका अधिकृत समितीने त्या काळातल्या निर्णयांची चिकित्सा केली आणि उपलब्ध उपाय वेळेवर वापरले गेले नाहीत असा ठपका ठेवला. या नियमावर टीका करताना त्या रुग्णांना विसरून चालणार नाही.

आवाहनाच्याच वर्षी, १९८३ मध्ये, सॅन डिएगोतल्या समलिंगी स्त्रियांनी ‘ब्लड सिस्टर्स’ या नावाने रक्तदान शिबिरं घेतली. आजारी पुरुषांना रक्त लागत होतं आणि त्यांचे मित्र ते देऊ शकत नव्हते. स्त्रिया पुढे झाल्या.

खरं वळण आलं ते १९८५ मध्ये. मार्चमध्ये एचआयव्हीची पहिली चाचणी बाजारात आली. चाचणी नव्हती म्हणून आलेला नियम चाचणी आल्यावर सैल व्हायला हवा होता. सप्टेंबरात तो उलट कडक झाला. १९७७ पासून एकदा जरी दुसऱ्या पुरुषाशी संबंध आला असेल, तरी रक्त देऊ नये, असं ठरलं. साथ अमेरिकेत शिरली ती साधारण तेव्हा, असा अंदाज होता, म्हणून १९७७. याला काही आधार होता. त्या काळातली चाचणी लागण झाल्यावर पुष्कळ दिवसांनी दोष दाखवत असे, आणि मधल्या काळातली पिशवी निर्दोष ठरून रुग्णापर्यंत जाऊ शकत होती. पण ही भीती दिवस-महिन्यांची होती. नियम मात्र आयुष्यभराचा झाला, आणि पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला. एचआयव्हीबाधित स्त्रीशी संबंध आलेल्या पुरुषाला अमेरिकेत एक वर्ष थांबावं लागे. १९७८ मध्ये एकदाच एका निरोगी पुरुषाजवळ गेलेल्याला कायमची बंदी. विषाणूच्या दृष्टीने हे उलटं आहे. धोका मोजायला निघालेला नियम इथे माणसाची जात मोजू लागला.

याच झाडाची दुसरी फांदी कापली गेली, तीही पाहण्यासारखी आहे. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हैतीतून आलेल्या सगळ्यांनाच रक्तदानाला मनाई केली. २० एप्रिलला हजारो हैतीवासी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पुलावरून चालत गेले. इतकी माणसं, की पूल हादरतोय असं लोक सांगत. वर्ष संपायच्या आत प्रशासनाने तो नियम मागे घेतला. माणूस कुठल्या देशात जन्मला यावरून रक्त पारखणं चूक आहे, हे मान्य झालं. समलिंगी पुरुषांना त्यासाठी आणखी तेहतीस वर्षं लागली.

पुढची गोष्ट बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत घडली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘नॅट’ चाचणी आली. ती विषाणूचा जनुकीय अंशच शोधते, त्यामुळे लागण होऊनही ती चाचणीत न दिसण्याचा काळ दहा-बारा दिवसांवर आला. इटलीने २००१ मध्येच गटाचा नियम काढून प्रत्येक दात्याचं वर्तन विचारायला सुरुवात केली. इतर देश पायरीपायरीने उतरले: आधी एक वर्ष, मग तीन महिने. फ्रान्समध्ये मेत्झ इथे २००९ मध्ये परत पाठवलेल्या एका दात्याचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशी बंदी ठेवायची, तर चाचणीने किंवा नेमक्या प्रश्नांनी काम भागत नाही हे आधी दाखवावं लागेल. अमेरिकेने त्या वर्षाअखेर आजन्म बंदी एका वर्षावर आणली. सहा महिन्यांनी ऑर्लँडोच्या ‘पल्स’ या समलिंगींच्या क्लबमध्ये गोळीबार झाला, एकोणपन्नास माणसं मारली गेली. जखमींसाठी रक्त द्यायला शहर रांगेत उभं राहिलं, आणि ज्यांचे मित्र ऑपरेशन टेबलावर होते त्यातल्या कित्येकांना त्या रांगेत जागा नव्हती.

ब्रिटनने १४ जून २०२१ पासून, कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून, अमेरिकेने मे २०२३ मध्ये गटाचा नियम रद्द केला. आता तिथे स्त्री असो वा पुरुष, प्रश्न तेच. गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार होता का? एकापेक्षा जास्त होते का? असतील तर कशा प्रकारचा संबंध आला? उत्तरावरून काहींना तीन महिने थांबायला सांगतात. यात समलिंगी पुरुषही थांबतात, आणि भिन्नलिंगी पुरुषही.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. तीनच वर्षांनी गोव्यात जे झालं ते रक्तदानाच्या इतिहासात नोंदवायला हवं. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदाता. त्याचं रक्त तपासलं गेलं आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला म्हापशाला बोलावून नेलं. कारण कोणी सांगितलं नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना वेगळं ठेवण्याचं कलम होतं. त्याच्या आधाराने त्याला एका बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात चौसष्ट दिवस डांबून ठेवलं. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने ते कलम वैधच ठरवलं. मे १९९२ मध्ये तो वारला, त्याआधी त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली. त्याच्या आयुष्यावर बेतलेल्या ‘माय ब्रदर निखिल’ या २००५ च्या चित्रपटात नायक समलिंगी आहे. रक्तपेढीत खरं सांगितलं किंवा खरं उघड झालं तर काय होऊ शकतं, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. लोक फॉर्मवर खरं लिहीत नाहीत अशी तक्रार करताना हे आठवावं.

त्या काळात आपल्या रक्तपेढ्यांचा मुख्य प्रश्न वेगळाच होता. रक्त विकून पोट भरणारे दाते. ‘कॉमन कॉज’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा आल्या, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. शिबिरांची चळवळ फोफावली ती यानंतर, आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर आहे. विक्रीबंदीचा हा नियम वर्तनावर बेतलेला होता, आणि त्याने जीव वाचवले.

त्याच दशकात एड्स नियंत्रणाचं काम वस्त्यांमध्ये पोचू लागलं. ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ हा गट सरकारी कागदांवर रुळला तो या कामातून. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट अशा संस्थांनी उद्यानांत, स्टेशनांवर, बंद दारांआड जाऊन माणसांना निरोध दिले, तपासणीला नेलं, उपचारांना चिकटून राहायला शिकवलं. गट आखला गेला तो माणसांपर्यंत पोचण्यासाठी. २०१७ च्या नियमावलीत तोच गट माणसांना बाहेर ठेवायच्या कामी आला. अमेरिकेत ही ओळ भीतीतून जन्मली होती. आपल्याकडे ती मदतीसाठी केलेल्या यादीवरून उतरवली गेली, आणि मला हे जास्त लागतं.

वर्षभराने, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, ३७७ कलमाने समलिंगींना गुन्हेगार ठरवणं थांबलं. नियमावली तशीच राहिली. मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी २०२१ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. पुढे समलिंगी पुरुषांच्या वतीनेही याचिका आली. २०२३ च्या प्रतिज्ञापत्रात केंद्राने सांगितलं की या गटांत एचआयव्हीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा सहा ते तेरा पट आहे, आणि रक्त घेणाऱ्याच्या सुरक्षिततेचा हक्क देणाऱ्याच्या हक्काआधी येतो.

दुसरं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. थॅलेसेमिया झालेलं मूल दर दोन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घेऊन जगतं. त्याच्या आईला समानतेवरचं भाषण नको आहे, निर्धोक पिशवी हवी आहे. पण पहिल्या वाक्यातला आकडा ती पिशवी निर्धोक करत नाही. हा आकडा ज्या पाहणीतून येतो, ती प्रामुख्याने संस्थांच्या संपर्कात आलेल्या, जास्त जोखमीत जगणाऱ्या पुरुषांची असते. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जोडीदाराबरोबर राहणारा माणूस त्यात मोजलेला नसतो, बंदी मात्र त्यालाही लागू. आणि ‘नाही’ वर खूण करून आत गेलेला, लग्न झालेला, तरी बाहेर संबंध ठेवणारा पुरुष या ओळीने अडतच नाही. अनेक जोडीदार असलेल्यांनाही नियमावलीने धोक्यात धरलंय, पण मंडपातल्या रांगेत तो प्रश्न मनापासून विचारतो कोण? माहितीच्या अधिकारात २०१६ मध्ये जे बाहेर आलं त्याप्रमाणे सतरा महिन्यांत दोन हजारांहून अधिक लोकांनी रक्तातून एचआयव्ही झाल्याचं नोंदवलं होतं. भोकं दुसरीकडे आहेत. नॅट अजून देशात सक्तीची नाही, अनेक रक्तपेढ्या जुन्याच चाचण्यांवर चालतात, आणि दात्याशी चार शब्द एकांतात बोलायला माणूस नसतो.

मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने सगळ्या तृतीयपंथीयांवर धोकादायक असा शिक्का मारायचा का, असं विचारलं आणि सुरक्षितता राखून भेदभाव कसा काढता येईल यावर तज्ज्ञांचं मत घ्यायला केंद्राला सांगितलं. ब्रिटनने हेच काम केलं तेव्हा रक्तसेवेच्या डॉक्टरांबरोबर रुग्णांचे आणि समलिंगींचे प्रतिनिधी एकाच अभ्यासगटात बसले होते. आपल्या तज्ज्ञांनीही थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या पालकांना बोलवावं, आणि त्याच बैठकीला हमसफर आणि समपथिकच्या कार्यकर्त्यांनाही. तीन महिन्यांचा, सगळ्यांना सारखा प्रश्न मराठीत कसा विचारला म्हणजे माणूस खरं उत्तर देतो, हे या कार्यकर्त्यांना इतर कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि नॅटसाठी किती पैसे लागतील, ते राज्यांनी आणि केंद्राने कसे वाटून घ्यायचे, हा हिशेब त्याच बैठकीत मांडला जावा.