घोडी (सुतारकामातील)

घोडी : कापताना, रंधताना किंवा रंगवताना लांब लाकडाला खालून आधार देणारी, फाकलेल्या पायांची लाकडी बैठक. बहुधा जोडीने वापरतात. सुतार ती स्वतःच ठोकतो, कारण तिची उंची वापरणाऱ्याच्या अंगाशी किंवा यंत्राच्या टेबलाशी जुळावी लागते.

जमिनीवर बसून, पायाच्या पकडीत लाकूड धरून काम करणे ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीत घोडीवाचून फारसे अडत नाही. ८ बाय ४ फुटी प्लायवुडला मात्र ती लागतेच. १८ मिमी जाडीचा तक्ता सुमारे ३० किलो भरतो. वसई-विरारच्या नव्या इमारतींत फर्निचरचे काम निघाले की सुतार तिथेच सेंटरिंगच्या उरलेल्या फळ्यांची घोडी करतात आणि काम संपले की मोडतात.

हातकरवतीसाठी घोडी गुडघ्याइतकी हवी. गुडघा लाकडावर रोवून ते दाबता येते. यंत्राच्या करवतीमागचा आधार वेगळा. तो टेबलापेक्षा केसभर खाली असावा. वर राहिला तर फळीचे टोक अडते, फार खाली गेला तर फळी झुकून पात्यात आवळते आणि अंगावर उसळू शकते. माप घेण्यात सर्वाधिक वेळ इथेच घालवावा. आधारावर रूळ बसवल्यास तो पात्याशी गुण्यात (काटकोनात) हवा, नाहीतर फळी बाजूला ओढली जाते. जमीन उंचसखल असेल तर तीन पायांचा आधार डुगडुगत नाही.

तक्ता मधोमध कापताना दोन घोड्या पुरत नाहीत. त्यांवर दोन लांब पट्ट्या आडव्या टाकाव्यात, म्हणजे कापलेले दोन्ही भाग जागच्या जागी राहतात. माथ्याच्या फळीला वरून खिळे मारू नयेत, कधीतरी करवत त्यांवर जातेच. ती फळी झिजण्यासाठीच असते, म्हणून सहज बदलता येईल अशी बसवावी.

टेकूचे हेच शास्त्र वसई-विरारच्या किनाऱ्यावरही दिसते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पाचूबंदर, अर्नाळा इथे ओढून घेतलेल्या होड्या लाकडी टेकूंवर उभ्या असतात.

पावसाळ्यात ओल्या लादीवर घोडीचे पाय टोकांतून पाणी ओढतात. टोकांना आधीच तेल पाजावे. कुजलीच तर चारही पाय सारखे कापून खाली ठोकळे जोडावेत.