हंडी फुटली, गोविंदा उतरला का?

गोपाळकाल्याच्या दिवशी गिरगावच्या वाडीत किंवा लालबागच्या नाक्यावर उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. थर चढत असतात तेव्हा साऱ्यांच्या माना वर असतात. शेवटच्या एक्क्याने सलामी दिली की टाळ्या पडतात, बेंजो वाजतो आणि गर्दीचे लक्ष उडते. त्या पोराला मात्र अजून खाली यायचे असते.

दहीहंडी हा मुळात चाळीचा, वाडीचा खेळ. गुरुपौर्णिमेला सराव सुरू व्हायचा, तोही घरच्यांच्या डोळ्यांदेखत. खांद्यावर उभा राहणारा ओळखीचा आणि खाली हात पसरून थांबलेलाही ओळखीचाच. जबाबदार कोण, हे विचारावे लागत नसे. पुढे हंडी मोठ्या चौकात आली, बक्षिसे लाखांत गेली आणि थर वाढत गेले. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. दुसरीकडे, काल्याच्या संध्याकाळी परळच्या केईएममध्ये जखमी गोविंदा येणे हे दरवर्षीचे झाले.

मग प्रश्न न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की १८ वर्षांखालील मुले नकोत आणि हंडीची उंची २० फुटांहून अधिक नको. त्यावर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ मध्ये त्या न्यायालयानेही या अटी सैल करायला नकार दिला. त्या वर्षी दादरला शिडी लावून हंडी फोडण्यात आली. निषेधाचीही आपली अशी एक तऱ्हा! २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन काढले आणि १४ वर्षांखालील मुले थरांत नसतील हे सरकारचे म्हणणे मान्य केले. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाखांची मदत ठरली. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांच्या विम्याचा भार सरकारने उचलला.

वय, उंची, भरपाई या तिन्हींवर बोलणे झाले. राहिले ते उतरणे.

आपल्यासारखाच खेळ स्पेनमधल्या कॅटलोनियात आहे. तिथेही माणसांचे मनोरे रचतात आणि तिथेही सर्वांत वर लहान मूल चढते. २००६ मध्ये तिथे १२ वर्षांची एक मुलगी पडून दगावली. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर खास बनवलेली हेल्मेटे आली. पण त्यांचा एक नियम त्याहून जुना आणि त्याहून शहाणा आहे. मनोरा नुसता रचला तर गुण कमी. रचून, न कोसळता, थराथराने उतरवला तर गुण जास्त. म्हणजे शेवटचा माणूस जमिनीवर येईपर्यंत खेळ संपत नाही. त्यामुळे पथक आपल्याला झेपेल तेवढेच थर लावते. हव्यासाला पोलिसाआधी गुणफलकच आवर घालतो.

आपल्याकडे मोल सलामीला. नवव्या थराला हात लागला की काम झाले, मग मनोरा कोसळला तरी टाळ्या कमी होत नाहीत.

आणि सरावाचे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सरावाच्या वेळी वरून पडून एक ११ वर्षांचा मुलगा गेला. नियम १४ वर्षांचा होता. पण नियमाची नजर काल्याच्या दिवसावर, मंचावर आणि कॅमेऱ्यावर. महिनाभर रात्री मैदानात चालणाऱ्या सरावाकडे कोण पाहणार? खाली गादी आहे का, डोक्यावर हेल्मेट आहे का, चढणाऱ्याचे वय काय, हे तिथे विचारणारा कोणी हवा. पूर्वी तो काका असायचा, मामा असायचा. आता पथकप्रमुख आणि आयोजक यांची नावे कागदावर हवीत, आणि अपघातानंतर नव्हे, आधी.

हंडी बंद करा, असे कोणी म्हणू नये. एकमेकांच्या खांद्यावर विश्वासाने उभे राहायला शिकवणारे खेळ थोडे आहेत. मागणे एवढेच, की यंदा बक्षीस जाहीर करताना आयोजकांनी एक वाक्य वाढवावे : सगळे सुखरूप उतरले तरच पूर्ण रक्कम. आणि आपण बघ्यांनी टाळी थोडी उशिरा वाजवावी. एक्क्याचे पाय जमिनीला लागल्यावर.