24 वर्षं गप्प राहिलेला गोव्याचा आवाज : लॉर्ना यांची गोष्ट

गोव्यात एखाद्या लग्नाला गेलात आणि बँडने ‘बेबदो’ सुरू केलं, तर आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे नाचायला उठतात. कोकणीत बेबदो म्हणजे दारुडा. गाणं जुनं आहे, साठ-सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या नाइटक्लबांच्या जमान्यातलं. ते गाणाऱ्या लॉर्ना कोर्देरो यांना गोव्यात नुसतं ‘लॉर्ना’ म्हणतात. आडनाव लागत नाही.

पण ऐन बहरात असताना हा आवाज थांबला आणि जवळपास 24 वर्षं स्टेजवर आलाच नाही. त्यामागे एक करार होता. आज लेबल, एजन्सी किंवा अॅपच्या करारावर न वाचता सही करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट माहीत करून घ्यावी अशी आहे.

मुंबईत जॅझ आला कुठून?

1935 साली लिऑन अॅबे नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. तिथून शहराला जॅझचा नाद लागला. पुढे 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक आणि 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखे दिग्गजही मुंबईत वाजवून गेले.

पण रोज रात्री हॉटेलांत वाजवणारे कलाकार मोठ्या संख्येने गोव्याचे होते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन वाचायला शिकवलं जायचं. नोकरीसाठी मुंबईत आलेली ही पोरं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायची. भगवानदादांच्या ‘अलबेला’मधली (1951) गाणी आठवतात? संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकरअण्णा यांचं. त्यात ज्यांचा बँड दिसतो ते चिक चॉकलेट हेही गोव्याचेच ट्रम्पेटवादक.

लॉर्ना आणि क्रिस पेरी

लॉर्ना यांचा जन्म 1946 चा. कोवळ्या वयातच त्या मुंबईत बँडबरोबर इंग्रजी गाणी गाऊ लागल्या. क्रिस पेरी त्यांच्यापेक्षा 18 वर्षांनी मोठे, मूळचे मडगावचे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे, शिवाय गाणी लिहायचे आणि चालीही स्वतःच बांधायचे. त्यांनी लॉर्ना यांना आपल्या बँडमध्ये घेतलं. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातला ‘व्हेनिस’ हा क्लब या जोडीमुळे गाजला.

कोकणी गाणं म्हटलं की तोवर मांडो किंवा तियात्रातली कांतारां डोळ्यांसमोर यायची. पेरी यांनी त्यात स्विंग आणि चा-चा-चा आणलं, पितळी वाद्यांचा ताफा आणला. लॉर्ना यांचा आवाज जाडसर, मोकळा आणि वेळ पडली तर गुरगुरणारा. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘नाचूं-या कुंपासार’ ही गाणी रेकॉर्ड आणि रेडिओवरून घराघरांत गेली. गोव्यातल्या खेड्यात बसलेल्या माणसाला जॅझ हा शब्द माहीत नसेल, पण त्याच्या कानावर जॅझच पडत होता, तोही त्याच्याच भाषेत.

मग शांतता का?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही जोडी फुटली. दोघांच्या नात्याबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलंय. आपण फक्त कामापुरतं बोलू. पेरी यांच्याशी झालेल्या करारामुळे लॉर्ना यांना त्यांच्याशिवाय इतर कुणाबरोबर वर्षानुवर्षं गाता येणार नव्हतं, असं त्यांच्यावरच्या लिखाणात वारंवार येतं. ज्या वयात गायकाचा आवाज पिकतो, ती सगळी वर्षं अशी गेली. गाणी मात्र वाजतच राहिली. लोक लॉर्नाला ऐकत होते आणि लॉर्ना गात नव्हत्या.

असा करार कायद्यात बसतो का?

भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 27 नुसार कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून कुणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. यात एक मेख आहे. करार चालू असताना ‘फक्त आमच्यासाठीच काम करा’ ही अट, ती फारच जाचक नसेल तर, कोर्ट मान्य करू शकतं. करार संपल्यानंतरही बांधून ठेवणारी अट मात्र सहसा टिकत नाही. 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची जुनी मॅनेजमेंट कंपनी यांच्या वादात सुप्रीम कोर्टाने हाच मुद्दा अधोरेखित केला होता.

दुसरी गोष्ट कॉपीराइटची. गाणं लिहिणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला हक्क होते, पण गाणाऱ्याला ‘परफॉर्मर’ म्हणून वेगळे हक्क 1994 च्या दुरुस्तीने मिळाले. गाण्याच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क तर 2012 च्या दुरुस्तीने आला. म्हणजे लॉर्ना यांची गाणी सर्वाधिक गाजत होती, तेव्हा कायद्याच्या नजरेत गायक जवळपास नव्हताच.

आणि कायदा असला तरी तो वापरायला वकील लागतो, पैसे लागतात. क्लबमध्ये गाणाऱ्या एकट्या बाईला त्या काळी हे किती जमलं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

1995 : पुन्हा माइकसमोर

रॉनी मोंसेरात या संगीतकाराने लॉर्ना यांना परत गायला तयार केलं. ‘हॅलो लॉर्ना’ हा अल्बम आला आणि 1995 मध्ये पणजीजवळच्या मिरामारला त्यांचा कार्यक्रम झाला. प्रचंड गर्दी लोटली. ज्यांनी त्यांना फक्त रेकॉर्डवर ऐकलं होतं, त्यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पण आवाज तोच. त्यानंतर त्या गात राहिल्या.

क्रिस पेरी 2002 मध्ये गेले. 2014 च्या ‘नाचूं-या कुंपासार’ या बार्डरॉय बार्रेटो यांच्या कोकणी चित्रपटाने दोघांचं संगीत नव्या पिढीपर्यंत पोचवलं. चित्रपटातली नावं वेगळी आहेत, पण कथेची प्रेरणा हीच जोडी. विजय मौर्य आणि पालोमी घोष यांनी त्या भूमिका केल्या. 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटासह तीन मान त्याला मिळाले. एक मान पालोमी यांच्या अभिनयाची विशेष दखल घेणारा होता.

आज ‘बेबदो’ मोबाइलवर दोन सेकंदांत सापडतं. ऐकून बघा. आणि पुढच्या वेळी कुणी करार पुढे केला, तर सही करण्याआधी दोन गोष्टी नक्की तपासा : तो कधी संपतो आणि संपल्यावर आपल्याला कुणाबरोबर काम करता येतं.