डॉक्टरची भाषा कोण तपासतो?

नाणेघाटाला जाणारी माणसे वैशाखऱ्याला उतरतात. पंचवीस वर्षांपूर्वी मीही सातवाहनांच्या शिलालेखापायी इथे पहिल्यांदा उतरलो. जुने कागद वाचायचा नाद तिथूनच लागला. विद्यापीठात मी कधी शिकलो नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याच गावात एक अगदी नवा कागद वाचायला मिळाला.

ज्यांच्याकडे मी उतरतो, त्यांची मुलगी नर्सिंग करून कल्याणला नोकरी करते. तिला इंग्लंडला जायचे आहे. त्यासाठी ती ‘ओईटी’ देते आहे. ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात तयार झाली. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे तिचे चार भाग. बोलण्याच्या भागात परीक्षेचा माणूस रुग्ण होतो आणि उमेदवाराने पाच मिनिटे त्याच्याशी बोलायचे असते. मागच्या वेळी तिला लेखनात ‘सी’ मिळाला. नर्सला तिकडे ‘सी प्लस’ लागतो. दुसऱ्यांदा फी भरायला भाताचे पैसे गेले.

“काका, तुम्ही पेशंट व्हा,” म्हणत तिने एक कार्ड माझ्या हातात दिले. मी सिगारेट न सोडणारा म्हातारा झालो. माझ्या इंग्रजीला ती हसली, पण कार्डावर सांगितल्याप्रमाणे आधी माझी भीती काय ते तिने विचारले, मग सल्ला दिला. रुग्णाचे म्हणणे समजून घेतले का, यालाही या परीक्षेत गुण असतात.

ही परीक्षा परदेशाने आपल्यावर लादली, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. २००८मध्ये केंब्रिजशर परगण्यात जर्मनीहून आलेल्या एका डॉक्टरने रुग्णाला वेदनाशामकाची दहापट मात्रा दिली आणि तो दगावला. भारतातून जाणाऱ्या डॉक्टरांना तिथे १९७५पासून इंग्रजीची आणि वैद्यकाची परीक्षा द्यावी लागत होती (पुढे तिलाच ‘प्लॅब’ म्हणू लागले), पण युरोपीय डॉक्टरांना त्यातून सूट होती. २०१४मध्ये कायदा बदलला आणि त्यांच्याही इंग्रजीचा पुरावा मागता येऊ लागला. परीक्षा वाईट नव्हती, ती कोणाची घ्यायची आणि कोणाची नाही, यात भेद होता.

आणि डॉक्टरकीला इंग्रजीचा उंबरठा पहिल्यांदा आमच्याकडे बसला तो लंडनमध्ये नव्हे, मुंबईतच. १८२६मध्ये सरकारने मुंबईत देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकशाळा काढली. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख. शिक्षण देशी भाषांतून, आणि त्यासाठी मराठी-गुजराती पुस्तकेही करून घेतली गेली. सहा वर्षांत, १८३२ला, ती बंद झाली. १८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, ते इंग्रजीतून. १८५१मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते. इंग्रजीशिवाय या दोघांना आत पाऊल टाकता आले नसते. पुढे १८६१मध्ये त्याच कॉलेजात मराठी वर्ग निघाला, पण त्यातून तयार झालेला माणूस डॉक्टर नव्हे, हॉस्पिटल असिस्टंट. पगार कमी, मान कमी, नेमणूक बहुतेक आडगावी. म्हणजे ज्याला रुग्णाची भाषा येते तो खालचा, ही उतरंड तेव्हाच लागली.

गंमत अशी की त्याच काळात इथे येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, पास झाल्यास बक्षीसही मिळे. १८३१चा मराठी-इंग्रजी कोश करणारा मोल्सवर्थ हा लष्करातलाच अधिकारी. राज्य करायचे तर रयतेचे बोलणे कळले पाहिजे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे आज काय आहे? महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत मातृभाषा मराठी नसलेल्यांसाठी एतदर्थ मंडळाची मराठी परीक्षा आहे. २०१९पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. त्यात कमी पडला म्हणून कोणाची पदवी अडल्याचे मी ऐकलेले नाही.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. दवाखान्याचे नाव लिहीत नाही. भातलावणीचे दिवस होते. मी ताप दाखवायला रांगेत बसलो होतो. एक ठाकर बाई आठ-नऊ वर्षांच्या पोराला पाठुंगळी घेऊन आली. “पोराला पान लागलं,” म्हणाली. डॉक्टर तरुण, शहरात वाढलेला, घरची भाषा मराठीच. सुपारी लागते, तंबाखू लागते, तसे पान लागले असेल असे त्याला वाटले. “एवढ्या लहान पोराला पान कशाला दिलं?” म्हणून तो बाईवर रागावला आणि साखरपाणी देऊन निजवायला सांगितले. बाई गप्प बसली. मीही गप्प बसलो, कारण तो शब्द मलाही तेव्हा माहीत नव्हता. फरशी पुसणारी मावशी बादली टाकून ओरडली, “अहो डॉक्टर, साप चावलाय त्याला!”

सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून ‘पान लागलं’ म्हणतात. जीपमधून पोराला कल्याणला नेले. तो वाचला; पाय थोडा वाकडा राहिला. अर्धा तास गेला होता. डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हता. संध्याकाळी मावशीला बोलावून तो एकेक शब्द वहीत उतरवून घेत होता: मोडशी, उसण, कसर. परीक्षा नसताना स्वतःहून अभ्यास करणारा असा तो एकच मी पाहिला.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिने विचारले, “पण काका, तिकडे असं कोण बोलणार?” इंग्रजीतही म्हातारी माणसे दुखणे आडवळणानेच सांगत असतील, मी म्हणालो. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली तिची आजी म्हणाली, “मला कर ना पेशंट.” पोरगी हसत तिच्याकडे वळली. आजीने गुडघ्यापासून सुरुवात केली ती आजोबांच्या मरणापर्यंत पोचली, आणि मोबाइलवर लावलेली पाच मिनिटे कधीच संपून गेली होती.