गहाणखत आणि हिंमत

मनासारखे काम करायचे तर हातातले काम सोडावे लागते आणि ते सोडायला हिंमत लागते, असे आपण सहज बोलून जातो. अमरावती-अकोल्याकडे हा विषय घरोघरी निघतो. कोणाला वावर विकून शहरात दुकान टाकायचे असते, तर कोणाला नोकरी सोडून पुन्हा संत्र्याच्या बागेत उतरायचे असते. अशा वेळी वडीलधारे मुलाच्या स्वभावाकडे बोट दाखवतात: याच्यात धमक आहे, त्याच्यात नाही. वऱ्हाडचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला की हा निवाडा मला अपुरा वाटतो. या मुलखात धंदा बदलण्याची मोकळीक बहुतेक वेळा जमिनीवरच्या कर्जाने ठरवली आहे. धमक सगळीकडे होती. ती वापरायला कोणाला परवडले, हा खरा प्रश्न आहे.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि खातेदाराला आपली जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. तेवढ्यात 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला कधी नव्हे तो भाव आला. 1867 मध्ये आगगाडी अकोला, बडनेरा मागे टाकून नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पण युद्ध संपताच भाव उतरले. सारा मात्र रोखीनेच भरायचा होता. ज्या खात्यामुळे कुणबी जमिनीचा मालक झाला, त्याच खात्यावर सावकार त्याला पैसे देऊ लागला. गहाणखते, मुदती, फिर्यादी, जप्त्या यांनी दिवाणी कचेऱ्या भरून गेल्या आणि अमरावती-अकोल्यात वकिलीला बरकत आली.

याच बरकतीच्या काळात गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी आपला मार्ग बदलला. एलएल. बी. झाल्यावर 1885 पासून ते वऱ्हाडातच सरकारी चाकरीत होते. मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर अशा जागांवर त्यांनी काम केले. त्या काळी एवढी जागा मिळाली की सात पिढ्यांचे कल्याण झाले, असे लोक मानत. खापर्ड्यांना राजकारण खुणावत होते आणि सरकारच्या पगारावर राहून ते करता येण्यासारखे नव्हते. त्यांनी जागा सोडली आणि 1890 मध्ये अमरावतीत वकिली सुरू केली. सात वर्षांनी अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. हे धाडस होतेच. पण उडी मारताना खाली वकिलीची मऊ जमीन होती, आणि ती जमीन खातेदारांच्या भांडणांनी तयार केली होती, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या हिमतीची खरी परीक्षा मला पुढे, 1908 मध्ये दिसते. टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा पन्नाशी उलटलेले खापर्डे त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला गेले आणि दोन वर्षे तिकडेच राहिले. चालती वकिली दोन वर्षे बंद ठेवणे म्हणजे काय, ते वकिलाच्या घरच्यांना विचारावे.

आता त्याच गहाणखताची दुसरी बाजू पाहा. शेंडगावात 1876 साली परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर बाप गेल्यावर आईबरोबर मूर्तिजापूर भागातल्या दापुऱ्याला मामांकडे आला. गुरे राखता राखता तो नांगर, वखर, पेरणी सगळ्यांत तरबेज झाला. मामा चंद्रभानजींना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या कागदावर त्यांचा अंगठा उठत गेला आणि एक दिवस कळले की कसदार वावर हातचे गेले. डेबूजीने हे सगळे जवळून पाहिले, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनात लोकांना सांगितले की कर्ज काढू नका, भाकरी हातावर घेऊन खा पण मुलांना शिकवा. अनुभवातून आलेला तो हिशेब होता. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्याने घर सोडले. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि मडक्याचे खापर. पुढे महाराष्ट्राने त्याला गाडगेबाबा म्हटले.

येथे वाचक मला अडवेल. पाठीशी पैसा नाही, जमीन नाही, अक्षर नाही, अशा माणसाने हे केले. मग हिंमत परवडण्यावर अवलंबून असते हे म्हणणे कोसळले की नाही? आक्षेप वजनदार आहे. गाडगेबाबांनी घेतले ते वैराग्य होते, कामधंद्याशी त्याचा संबंध नाही, असे म्हणून तो टाळताही येणार नाही. ते रोज काम करत होते. गावात शिरायचे, रस्ते झाडायचे, कोणाच्या शेतात राबून भाकरी मागायची आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, आळंदी, नाशिकच्या धर्मशाळा ही त्या कामाची फळे आहेत. तरीही किंमत कोणीतरी मोजलीच. आई सखुबाई, पत्नी कुंताबाई आणि लहान मुले मागे राहिली. कमावता हात गेल्यावर त्या घरात जे घडले, ते त्या धाडसाच्या जमाखर्चात मांडले पाहिजे. गाडगेबाबांबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच कुंताबाईंचे नाव त्यांच्या गोष्टीच्या तळटिपेत जावे हे मला पटत नाही. उडी मारणाऱ्याची हिंमत आपण मोजतो; त्याच्या मागे चूल पेटती ठेवणारीची मोजत नाही.

हा भार घरावरून उचलून समाजावर घ्यायची वाट पंजाबराव देशमुखांनी दाखवली. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन 1926 मध्ये परतला. अमरावतीत वकिली करून आरामात जगता आले असते. त्यांनी त्याच वर्षी श्रद्धानंद छात्रालय काढले, जेथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. पुढल्या वर्षी अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह उभारला. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. मंत्री म्हणून कर्ज लवाद कायद्यासाठीही तेच झटले. शाळा आणि कर्जाचा कायदा ही दोन कामे एकाच माणसाने हाती घेतली, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याच्या बापाची जमीन गहाण आहे, त्या मुलाला वसतिगृहात जागा देऊन भागत नाही; गहाणही सुटावे लागते.

दुसरा आक्षेप असा की संस्थांनी पोट भरते, त्यांनी कोणाचे स्वप्न उगवत नाही. याला अमरावतीतच उत्तर आहे. आखाड्यात घाम गाळणे हा तरण्या पोरांचा छंद होता. लग्न झाले की तो सुटायचा. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्यातून शिक्षण उभे केले. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती. पण मला त्या गौरवापेक्षा येथे तयार झालेले व्यायामशिक्षक महत्त्वाचे वाटतात. कुस्ती-मलखांबाच्या वेडावर शाळेत पगाराची जागा मिळू लागली आणि त्या पोरांना घरच्यांशी भांडून, सगळे पणाला लावून मैदानात उतरण्याची गरज उरली नाही.

म्हणून आज अकोल्यातला एखादा तरुण काम बदलायला कचरतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याचा सातबारा पाहावा. बोजाच्या रकान्यात किती रक्कम आहे, घरात दुसरे कमावणारे कोण आहे, आणि फसले तर वर्षभर कोण सांभाळणार, हे तीन प्रश्न घरच्यांनी एकत्र बसून, सुनेलाही त्या बैठकीत घेऊन सोडवावेत.