कुलकर्णी, वेदांगी : सायकलवरील पृथ्वीप्रदक्षिणा (२०१८)

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात, बहुतांशी एकटीने, केलेला सायकलप्रवास. ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून २३ डिसेंबरला पहाटे त्यांनी कोलकात्यात सुमारे २९,००० कि.मी.चा टप्पा गाठला. दिवस लागले १५९ आणि वाटेत देश आले १४. तेव्हा त्यांचे वय २० वर्षे होते आणि इंग्लंडमधील बोर्नमथ विद्यापीठात त्या क्रीडा व्यवस्थापन शिकत होत्या. सायकलवर जगाला फेरी घालणारी सर्वांत वेगवान आशियाई महिला, अशी त्यांची ओळख वृत्तसंस्थांनी करून दिली.

विमानप्रवास, आजारपण, अडकून पडलेले दिवस असे सगळे धरूनही रोजची सरासरी १८२ कि.मी. येते. काही दिवशी तर ३०० कि.मी.पर्यंत मजल मारली गेली. वेरूळहून निघून त्याच दिवशी पुणे गाठावे आणि तरीही पुढे जात राहावे, असा तो पल्ला होतो. तोही तंबू, हत्यारे आणि कपडे सायकलवर लादून.

मार्ग : पर्थहून ऑस्ट्रेलिया आडवा ओलांडून ब्रिस्बेन. तिथून विमानाने न्यूझीलंडमधील वेलिंग्टन आणि सायकलने उत्तरेकडे. पुढे कॅनडात पश्चिमेच्या व्हँकूव्हरपासून पूर्वेच्या हॅलिफॅक्सपर्यंत. मग आइसलँड आणि तिथून विमानाने पोर्तुगाल. स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड असे करत रशिया. अखेरचे सुमारे ४,००० कि.मी. भारतात.

नकाशावर हा मार्ग तुटक दिसतो, पण त्यामागे हिशेब आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोप हे तिन्ही मोठे भूभाग पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडलेले आहेत. मध्य अक्षांशांत वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे वारा पाठीवर मिळण्याची शक्यता वाढते. शिवाय गिनेस बुकचे नियम आहेत. प्रत्यक्ष सायकलिंग किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० कि.मी. हवे, विमान-जहाजाचा प्रवास धरून एकूण अंतर विषुववृत्ताच्या परिघाहून कमी भरता कामा नये, दिशा एकच हवी, पृथ्वीगोलावर एकमेकांच्या समोरासमोर येणाऱ्या दोन ठिकाणांवरून वाट गेली पाहिजे, आणि जिथून सुरुवात तिथेच शेवट. वेलिंग्टनच्या बरोबर समोरचा बिंदू स्पेनमध्ये पडतो. आइसलँडहून थेट रशियाच्या दिशेने न जाता खाली पोर्तुगाल-स्पेनला उतरणे का सोयीचे, ते यावरून कळते. सुरुवातीच्या जागीच शेवट करण्याच्या अटीमुळे कोलकात्यात अंतर भरले तरी फेरी मिटली नव्हती. विमानाने पर्थला परतून १५ कि.मी. सायकल चालवणे उरले होते, हे त्यांनी स्वतःच तेव्हा सांगितले होते. ‘कोलकात्यात जगप्रदक्षिणा पूर्ण’ हे त्या दिवसाचे मथळे म्हणून जरा घाईचे ठरतात.

अडथळे : बातम्यांना रंग चढला तो अर्थातच कॅनडात मागे लागलेल्या ग्रिझली अस्वलामुळे. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून त्यांना लुटण्यात आले. रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून काही रात्री काढाव्या लागल्या. उणे २० ते ३७ अंश सेल्सिअस एवढ्या फरकाचे तापमान या एका प्रवासात त्यांनी सोसले.

प्रवासाचा वेग मात्र अस्वलाने किंवा चोरांनी जेवढा रोखला नसेल तेवढा व्हिसाने रोखला. वरच्या यादीतील भारत वगळता तेराही देशांसाठी भारतीय नागरिकाला परवानगी काढावी लागते. त्यांपैकी आइसलँडपासून फिनलंडपर्यंतचे नऊ देश शेंगेन करारातले, म्हणजे तिथे एक व्हिसा चालतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि रशियाचे वेगळे. यातला एक जरी लांबला तरी पुढचा ऋतू बदलतो. झालेही तसेच. व्हिसाच्या अडचणींत दिवस गेले आणि युरोप गाठेपर्यंत थंडीने तोंड काढले होते. रशियातला बर्फ हा नशिबाचा भाग कमी आणि कागदपत्रांचा अधिक म्हणावा लागेल. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहम यांनी बर्लिनहून निघून, कोणाचीही मदत न घेता, १२४ दिवस ११ तासांत फेरी पुरी केली. तो महिलांचा तेव्हाचा विक्रम होता. दोघींच्या दिवसांची तुलना सर्रास होते. पण शेंगेनमधल्या त्याच नऊ देशांत ब्रिटिश पासपोर्टला तेव्हा व्हिसाच लागत नव्हता, ही बाब त्या तुलनेत येत नाही.

‘एकटी’ या विशेषणाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. सुमारे ८० टक्के अंतर त्यांनी सोबतीविना कापले, असे त्या वेळच्या वृत्तांत नोंदले आहे. मागे गाडी, सोबत मेकॅनिक आणि स्वयंपाकी असा लवाजमा घेऊन काढलेली मोहीम आणि पंक्चर स्वतः काढत, दुकान दिसेल तिथे खात केलेला प्रवास यांत मोठा फरक आहे. विक्रमांच्या नुसत्या आकड्यांत तो दिसत नाही.

पूर्वपीठिका : १८९४-९५ मध्ये बोस्टनच्या अ‍ॅनी कोपचॉव्स्की ऊर्फ अ‍ॅनी लंडनडेरी यांनी सायकल घेऊन जगफेरी केली, तीत जहाजाचा वाटा मोठा होता. १९६३ मध्ये आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी ऐन हिवाळ्यात युरोपातून निघून सायकलवर दिल्लीला पोहोचल्या. विक्रमाची त्यांना पर्वा नव्हती. वेळ मोजून केलेल्या महिलांच्या फेऱ्यांची परंपरा अगदी अलीकडची असून ज्युलियाना ब्यूरिंग यांनी २०१२ मध्ये नेपल्सहून निघून १५२ दिवसांत ती सुरू केली. २०१४ मध्ये इटलीच्या पाओला जानोत्ती यांनी हा काळ १४४ दिवसांवर आणला.

महाराष्ट्रात मात्र जगफेरीची आठवण जुनी आहे. १९२३ मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये सुमारे ७१,००० कि.मी. फिरून परतले. त्या काळच्या मोहिमेत कोणी मुलगी नव्हती, आणि त्यानंतर महाराष्ट्रातून अशा वाटेला स्त्री लागल्याची बातमी व्हायला बराच काळ गेला.

महिलांचा सध्याचा विक्रम अमेरिकेच्या लेल विल्कॉक्स यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये शिकागोत पूर्ण केलेल्या फेरीचा धरला जातो : १०८ दिवस १२ तास १२ मिनिटे.